रिळावरचा आकडा आणि मांडवीचं पाणी

गोव्याच्या नद्यांत ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या होडीमागे लुअर (खोटं आमिष) ओढत मासेमारीला, जाऊन आलेल्या माणसाला विचारलं की चोणक (जिताडा) कुठे लागला, तर तो जागा अगदी नेमकी सांगतो: बोरीच्या पुलाचा तिसरा खांब, आमोण्याची जुनी जेटी, दिवाडीच्या फेरीधक्क्याच्या वरची कातळाची रांग. लुअर कोणता, रंग कोणता, हेही सांगतो. पण त्या क्षणी किती लाइन (गळाची दोरी) बाहेर होती असं विचारलं, की उत्तर येतं, ‘असेल पंचवीस-तीस मीटर’. सगळं हुकतं ते इथेच. पंचवीस मीटर लाइनवर लुअर खांबाच्या बुडाशी घासून जातो, पंधरा मीटरवर तोच लुअर चोणकाच्या डोक्यावरून निघून जातो, आणि पस्तीसवर कालवांत अडकून राहतो. जागा तीच, लुअर तोच, होडीचा वेगही तोच. फरक पडतो तो फक्त मागे सोडलेल्या लाइनचा.

लाइन काउंटर असलेलं, म्हणजे किती लाइन बाहेर गेली ते आकड्यात दाखवणारं, रील घ्यावं की नाही, आणि घ्यायचं तर कोणतं, हा प्रश्न गोव्यात आता बरेचजण विचारू लागले आहेत. त्याचं उत्तर इंटरनेटवरच्या परदेशी सल्ल्यातून जसंच्या तसं उचलता येत नाही. ही रिळं मुळात दुसऱ्या पाण्यासाठी घडली. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत १९६६ साली मिशिगन राज्याने पॅसिफिकमधला कोहो साल्मन सोडला आणि त्यानंतर तिथे खोल गोड्या पाण्यातलं ट्रोलिंग झपाट्याने वाढलं. तिथे खोलवरचा मासा शोधायचा असतो. त्यासाठी शिशाचा गाभा असलेली लाइन वापरतात, आणि तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो, म्हणजे काउंटर नसला तरी रंग मोजून किती सोडली ते कळतं. त्या पाण्यावरच्या माणसाला मोठं, जड, शेकडो मीटर लाइन मावणारं रील लागतं. आपल्याला लागत नाही.

मांडवी काय किंवा जुवारी काय, या उथळ नद्या आहेत. सरासरी खोली पाच मीटरांच्या आसपास. बार्जच्या वाटेवर जास्त, कडेच्या कांदळवनाजवळ दीड-दोन मीटर. वर खांडेपार, उसगाव, गांजेपर्यंत पाणी गोडं होत जातं, पण भरती तिथेही पोचते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासात हे नोंदलेलं आहे की या दोन्ही नद्यांत भरती मुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत फारशी न घटता चढते आणि मग पुढच्या थोड्या अंतरात झपाट्याने ओसरते. उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी दोन मीटरांहून अधिक खालीवर होते. पाच मीटरांच्या नदीत दोन मीटर म्हणजे जवळजवळ अर्धं पाणी. सकाळी ज्या खांबापाशी तीन मीटर बुडणारा लुअर तळाला हलकेच टेकत होता, तो दुपारच्या भरतीत तळापासून दोन मीटर वरून जातो, आणि तळाशी बसलेला चोणक त्याच्यासाठी वर येण्याची तसदी घेत नाही.

म्हणून आपल्याकडे काउंटरकडे पाहायचं ते या नजरेने. तो खोली सांगत नाही. तो सांगतो एक संख्या, जी उद्या पुन्हा तशीच आणता येते. त्या संख्येशेजारी वहीत पाण्याची वेळ लिहिली तरच तिला अर्थ येतो. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवावं, आपली जागा मुखापासून किती आत आहे त्यानुसार उशीर धरावा (आत पाणी मुरगावच्या वेळेनंतर चढतं, आणि तो उशीर प्रत्येक जागेचा वेगळा असतो, दोन-तीन वेळा काठावर काठी रोवून पाहिला की कळतो), आणि मग लिहावं: ओहोटीचा दुसरा तास, लांब ओठाचा (खोल बुडवणारी पट्टी असलेला) लुअर, ७२ फूट. जुने गरवणारे दोरी वावेत मोजत, दोन्ही हात पसरून, आणि त्यांना आपली जागा किती वावांची ते तोंडपाठ असे. चालत्या होडीत, एका हातात सुकाणू धरून, वाव मोजता येत नाही. ते काम रिळाने करावं.

आता हा आकडा येतो कुठून, ते समजल्याशिवाय खरेदीला जाऊ नये. यांत्रिक काउंटर लाइन मोजत नाही. तो स्पूलचे, म्हणजे रिळातल्या लाइन गुंडाळलेल्या चाकाचे, फेरे मोजतो. स्पूलच्या दांड्याला किंवा लेव्हल-वाइंडच्या (लाइन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या कड्याच्या) आट्याच्या दांड्याला एक बारीक दातेरी चाक लावलेलं असतं, त्यावर अंकांच्या चकत्या फिरतात. कारखान्यात गृहीत धरलेलं असतं की स्पूल ठरावीक जाडीपर्यंत भरलेला आहे आणि त्यामुळे एका फेऱ्यात अमुक लांबी बाहेर पडते. ते गृहीत मोडलं की आकडा खोटा.

हिशेब करून पाहा. भरलेल्या स्पूलचा व्यास ४६ मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात साडेचौदा सेंटिमीटर लाइन जाते. तोच स्पूल कमी भरला आणि व्यास ३८ मिलिमीटर राहिला, तर एका फेऱ्यात जातात बारा सेंटिमीटर. काउंटर १०० फूट दाखवतो तेव्हा पाण्यात असते जेमतेम ८३ फूट. दोन रॉडवर दोन सारखी रिळं, पण एकावर शेजाऱ्याने उरलेली अर्धी लाइन भरलेली, तर दोन्हींवर ८० लावूनही लुअर वेगवेगळ्या पाण्यात पोहत असतात. ‘काउंटर बिघडलेला आहे’ म्हणून दुकानात परत आणलेल्या रिळांत बऱ्याचदा बिघाड काउंटरचा नसतो, लाइन कमी भरलेली असते.

लाइन बाहेर जाताना स्पूल बारीक होतो, त्यानेही आकडा चुकतो, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. खरं आहे, पण आपल्या कामात तो दोष नगण्य ठरतो. आपण सोडतो वीस ते चाळीस मीटर. पाव मिलिमीटर जाडीची ब्रेडेड (विणलेली) लाइन चाळीस मीटर सोडली तर चाळीस मिलिमीटर रुंद स्पूलचा व्यास एका मिलिमीटरनेही कमी होत नाही, चूक सरासरी एक टक्का. ०.४५ मिलिमीटरची मोनो (एकाच धाग्याची नायलॉन लाइन) घेतली तर व्यास तीन मिलिमीटरांनी घटतो आणि सरासरी चूक तीन टक्क्यांवर जाते. सुरुवातीला स्पूल किती भरलाय, हीच आपल्याकडची खरी चूक, आणि ती घरी बसून सुधारता येते.

यातून निवडीची पहिली गोष्ट निघते: रील लहान घ्या. दायवाच्या अ‍ॅक्यूडेप्थ आणि सीलाइनमध्ये १७, २७, ४७ असे आकार येतात, ओकुमाच्या मॅग्डामध्ये १५, २०, ३०, शिमानोच्या टेकोटामध्ये ३०० पासून वर. प्रत्येक मालिकेतला सगळ्यात लहान किंवा त्याच्या वरचा आकार मांडवीला पुरेसा आहे. ४७ किंवा ६०० घेतलं तर ते भरायलाच ढीगभर मोनो लागेल, अर्धा किलोच्या वर वजन रॉडच्या डोक्यावर बसेल, आणि लहान पातळ होडीत रॉड हातात धरून चोणकाशी झुंजताना मनगट दुखेल ते वेगळंच. ‘मोठा मासा, मोठं रील’ हा विचार समुद्रातल्या विसवणासाठी (सुरमईसाठी) ठीक. नदीत चोणक शंभर मीटर पळत नाही. तो वीस मीटरांतल्या खांबाकडे पळतो. तिथे लाइनचा साठा कामाला येत नाही, ड्रॅग येतो, म्हणजे ठरावीक ताणावरच लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक.

दुसरी गोष्ट गिअरची. जुन्या धाटणीची बरीचशी काउंटर रिळं ४.२:१ ची असतात: हँडलचा एक फेरा, स्पूलचे चार आणि थोडे. ४५ मिलिमीटर व्यासाच्या स्पूलवर त्याने एका फेऱ्यात साठ सेंटिमीटरांच्या आतच लाइन येते. लांब ओठाचा, पाण्याला जोर लावणारा लुअर ओढायला हे बरं, हात थकत नाही. पण चोणकाची एक खोड आहे. गळ लागला की तो कधीकधी सरळ होडीकडे धावत येतो आणि मग पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. लाइन सैल राहिली की त्या झटक्यात लुअर सुटून जातो. ६.३:१ च्या रिळावर त्याच स्पूलने एका फेऱ्यात नव्वद सेंटिमीटरांच्या जवळ लाइन येते, आणि होडीकडे धावणाऱ्या माशाची सैल लाइन गोळा करायला हाच वेग लागतो. आम्ही नदीसाठी पाचच्या वरचं गिअर सुचवतो. तांबसो या तांबड्या माशाला मात्र वेगाची गरज कमी, त्याचा पहिला जोरच खाली दगडाकडे असतो, तिथे बळ हवं. दोन्हींसाठी एकच रील घ्यायचं तर मधलं, ५:१ च्या आसपासचं घ्यावं.

ड्रॅगच्या बाबतीत पेटीवरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. ३० पौंडांच्या लाइनवर तुम्ही ड्रॅग लावणार तिच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार किलो. पंधरा किलोचा ड्रॅग असलेलं रील घेऊन त्यातला चार किलो वापरायचा, यात फायदा काही नाही. पाहायचं असतं ते हे की कमी ताणावर ड्रॅग अडखळतो का. लाइन रॉडच्या कड्यांतून ओवून टोकाला स्प्रिंग काटा बांधावा, रॉड पंचेचाळीस अंशांत धरून सहकाऱ्याने सावकाश ओढावं. काटा चार किलोवर स्थिर राहून लाइन सुटत गेली तर उत्तम. काटा पाचवर जाऊन, मग झटक्याने तीनवर येऊन, पुन्हा पाचवर गेला, तर तो ड्रॅग पहिल्या पळापळीत लाइन तोडणार.

दुकानात रील हातात आल्यावर काय पाहावं ते सांगतो. स्पूल मोकळा करून अंगठ्याने सावकाश फिरवा आणि अंकांकडे पाहा: प्रत्येक अंक पुरता फिरून खिडकीत मधोमध बसतो का, की दोन अंकांच्या मध्ये लटकतो? दहाच्या चकतीने उडी घेताना स्पूल जड होतो का? थोडा जडपणा चालतो, अडकणं चालत नाही. मग शून्यावर आणायचं बटण दाबा. ते खोलगट बसलेलं आणि जरा घट्ट असावं. वर आलेलं, सहज दबणारं बटण रॉड होल्डरमधून काढताना तळहाताने दाबलं जातं आणि ऐन वेळी आकडा पुसला जातो. त्यानंतर रील हातभर लांब धरून उन्हात न्या आणि अंक वाचता येतात का पाहा. हे पाहताना तुम्ही नदीवर घालता तोच गॉगल डोळ्यावर असू द्या. पोलराइज्ड काचेतून डिजिटल पडदा ठरावीक कोनात काळा दिसतो. यांत्रिक चकत्यांना हा त्रास नाही.

डिजिटलचा विषय निघालाच आहे तर: डिजिटल काउंटरात एक मोठी सोय असते, लाइन भरताना त्यातल्या काहींना तुमची लाइन शिकवता येते आणि मग स्पूल कमी भरला असला तरी आकडा बरोबर येतो. जपानी रिळं मीटरांत बोलतात, तीही आपल्याला सोयीची. पण त्यात घड्याळाचा सेल असतो, सील असतं, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने हवा पाण्याने भरलेली. सेलचं झाकण नीट बसलं नाही की आत हिरवा गंज. जो माणूस दर आठवड्याला रील पुसून, उघडून, वाळवून ठेवणार आहे त्याने डिजिटल जरूर घ्यावं. इतरांनी यांत्रिक घ्यावं.

फूट की मीटर यावर फार विचार नको. बहुतेक यांत्रिक काउंटर फुटांत मोजतात, आणि फुटांत मोजूनही काही बिघडत नाही, कारण आकडा आपल्या वहीसाठी आहे. फक्त एका होडीवरच्या सगळ्या रिळांचं माप एक असावं. एक फुटांत, एक मीटरांत असं झालं तर गडबडीत कुणीतरी तीस फूट सोडतो आणि लुअर होडीच्या फेसातच पोहत राहतो. त्याच कारणाने दोन रिळं घ्यायची तर एकाच बनावटीची, एकाच आकाराची घ्यावीत आणि त्यांवर एकाच जाडीची लाइन भरावी. एक चांगलं आणि एक स्वस्त घेण्यापेक्षा दोन मध्यम घेतलेली बरी.

लेव्हल-वाइंडचं कडं नीट बघा. ब्रेडेड लाइन मऊ धातूला खाचा पाडते, मग त्याच खाचा लाइनला कापतात. कड्यात चिनी मातीचा किंवा कठीण धातूचा अस्तर असावा. आणि कड्याचं भोक किती मोठं आहे त्यावर लीडर, म्हणजे लाइन आणि लुअर यांच्यामधला जाड तुकडा, ठरतो. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तोंडही खरखरीत, त्यामुळे ४० ते ६० पौंडांचा मोनो किंवा फ्लुरोकार्बन लीडर हवाच. पण तीन मीटर लांब लीडर बांधला तर गाठ आत येताना कड्यात अडकते, आणि ती अडकते नेमकी मासा जाळीच्या पल्ल्यात आल्यावर. लीडर मीटर-दीड मीटरचा ठेवावा, म्हणजे मासा होडीशी येईपर्यंत गाठ रॉडच्या टोकापाशीच राहते. गाठ एफजी नावाची बांधावी, ती पातळ असते.

लाइन भरणं हे खरेदीइतकंच महत्त्वाचं, म्हणून ते सावकाश लिहितो. ब्रेडेड थेट स्पूलवर बांधली तर ताण आल्यावर अख्खा गठ्ठा स्पूलभोवती घसरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. म्हणून खाली मोनोचा थर लागतोच. किती? अचूक ठरवण्याचा एक कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग आहे. आधी ब्रेडेड रिळावर भरा, तिच्यावर मोनो जोडून स्पूल काठाच्या तीन मिलिमीटर आत येईपर्यंत भरत जा, तिथे कापा. मग मोनो एका रिकाम्या रिळावर आणि ब्रेडेड दुसऱ्या रिकाम्या रिळावर काढून घ्या. आता मोनो आधी, ब्रेडेड नंतर, अशी पुन्हा भरा. ब्रेडेड १५० मीटर पुरे. भरताना ती ओल्या कपड्याच्या चिमटीतून यावी, साधारण किलोभर ताणाने. सैल भरलेली ब्रेडेड पहिल्याच मोठ्या माशाच्या ओढीने आपल्याच थरांत रुतते. रुतली की लाइन झटके देत सुटते, आणि पुढच्या वेळी तोच आकडा दुसरी लांबी देतो.

भरून झाल्यावर मैदानावर जा. गावातलं फुटबॉलचं मैदान यासाठी छान, सरळ आणि झाडं नाहीत. तीस मीटरची मोजपट्टी पसरा. लाइनचं टोक एका खुंटीला बांधा, काउंटर शून्यावर आणा, रॉड घेऊन तीस मीटरांपर्यंत मागे चालत जा, लाइन ताठ ठेवा आणि आकडा वाचा. तीस मीटर म्हणजे ९८ फूट आणि थोडं. काउंटर ९६ ते १०१ च्या मध्ये दाखवत असेल तर तसंच राहू द्या. ११२ दाखवत असेल तर स्पूल कमी भरलाय, खाली मोनो वाढवा. ९० दाखवत असेल तर जास्त भरलाय, थोडी काढा. आणि पुन्हा भरायचा कंटाळा येत असेल, तर मोजलेलं प्रमाण कायम खुणेच्या शाईने पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून रिळाच्या बाजूला चिकटवा: ‘११२ म्हणजे ३० मी.’ तेही चालतं. हे दोन्ही रिळांवर करा. लाइन बदलली, कापली, तुटून वीस मीटर गेली, की परत करा.

नदीवर शून्य कुठे धरायचं हेही एकदाच ठरवून टाकावं. लुअर रॉडच्या टोकाखाली पाण्याला टेकला की शून्य, हा नियम सगळ्यांत सोपा. काहीजण लुअर टोकाशी टांगलेला असताना शून्य करतात, दोन-तीन फुटांचा फरक पडतो. दोन्ही ठीक, पण एका होडीवर एकच पद्धत. प्रत्येक वेळी लुअर परत आल्यावर पुन्हा शून्य करा. लाइन ओढीखाली जास्त घट्ट गुंडाळली जाते, त्यामुळे काउंटर बरोबर शून्यावर परत येत नाही, एक-दोन फूट इकडेतिकडे होतो. शून्याच्या मागे गेला तर खिडकीत ९९९ दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

लाइन सोडताना होडी चालू ठेवा, स्पूल मोकळा, अंगठा हलका दाबून. अंगठा उचललात की स्पूल लाइनपेक्षा जोरात फिरतो आणि लाइनचं घरटं (गुंता) होतं. लुअर सुरुवातीला हळू जाऊ द्या, भराभर सोडला तर त्याचे गळ लीडरमध्ये गुंततात आणि तो पाठीवर उलटा ओढला जातो. ठरवलेल्या आकड्यावर गिअर लावा, क्लिकर (लाइन सुटली की वाजणारी कळ) चालू करा, रॉड होल्डरमध्ये ठेवा आणि ठेवताना आकडा मोठ्याने बोला. या सवयीचं कारण असं की मासा लागला की पहिल्या दोन सेकंदांत तो लाइन घेतो आणि काउंटर पुढे पळतो. तेव्हा वाचलेला आकडा काही कामाचा नाही. आधी बोललेला आकडा दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात राहतो.

किती सोडायची याचं एक ढोबळ माप देतो, पण ते फक्त सुरुवातीसाठी. तीन मीटर बुडणारा म्हणून विकला जाणारा लुअर, ३० पौंडांच्या पातळ ब्रेडेडवर, माणसाच्या सावकाश चालीने ओढला, तर ६० फुटांवर आपल्या खोलीचा मोठा भाग गाठतो. १०० फुटांवर थोडा आणखी. लाइन दुप्पट केली तरी खोली दुप्पट होत नाही, कारण लांब लाइनला पाणी जास्त अडवतं आणि लुअरला वर ओढतं. त्याच लुअरला जाड मोनो लावली तर तो आणखी वर राहतो. म्हणजे एकाच्या वहीतला ७२ दुसऱ्याच्या जाड लाइनवर चालत नाही, आणि मित्राकडून आकडा उसना घेताना त्याची लाइनही विचारावी. तळ दोन मीटरवर असलेल्या कडेला ४० च्या आतच राहावं.

वेगाबाबत फोनवरचा जीपीएस फसवतो. तो जमिनीशी वेग सांगतो, लुअरला कळतो तो पाण्याशी असलेला वेग. ओहोटीच्या जोरात प्रवाहाबरोबर खाली जाताना जीपीएस ५ किलोमीटर दाखवेल, आणि लुअर मात्र अर्धमेला लोंबकळत असेल. वर येताना जीपीएस २ दाखवेल आणि लुअर जोरात थरथरेल. रॉडच्या टोकाची थरथर हाच खरा वेग. त्या थरथरीत लुअर आपली ठरलेली खोली धरतो, आणि मगच वहीतला आकडा खरा ठरतो. टोक मध्येच शांत झालं तर लुअरला गवत लागलंय, किंवा पावसाळ्यानंतर वाहून येणारी पानं. काउंटर पाहत रील गुंडाळा, आकडा दहावर आला की हात हळू करा, नाहीतर लुअर रॉडच्या टोकाच्या कड्यावर आपटतो आणि कडं फुटतं.

वळण घेताना बाहेरच्या बाजूचा लुअर जोरात धावतो, आतला मंदावतो आणि तरंगणारा असेल तर वर येतो. म्हणून दोन रॉडवर दोन वेगळे आकडे ठेवावेत, एक ५५ आणि एक ८५ असे, आणि वळण मोठं घ्यावं. कुंभारजुव्याच्या कालव्यासारख्या अरुंद जागी मोठं वळण मिळत नाही. तिथे एकच रॉड चालवावा. तिथे मगरी आहेत हेही ध्यानात असावं: होडीच्या काठावर पाय सोडून बसू नये, अडकलेला लुअर सोडवायला पाण्यात उतरू नये.

लुअर अडकणं हा या धंद्याचा भागच. अडकला की होडी लगेच मोकळी सोडा आणि आकडा वाचा. तेवढ्या अंतरावर मागे अडथळा आहे हे कळलं की त्याच्या पलीकडे होडी वळवून उलट दिशेने हलकेच ओढता येतं, आणि बहुतेक वेळा लुअर आला त्याच वाटेने सुटतो. तो आकडा जीपीएसच्या खुणेसोबत लिहून ठेवा. कालवांनी भरलेला जुना खांब किंवा बुडालेलं झाड असेल तिथेच चोणक आणि तांबसोही असतात. पुढच्या वेळी त्याच जागेवरून दहा फूट कमी लाइन ठेवून जा.

काउंटर रील घ्यायला पैसे नसतील तर त्यामुळे काही थांबत नाही. दर दहा मीटरला रंग बदलणारी ब्रेडेड मिळते, तीच आपला काउंटर. लेव्हल-वाइंडचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा गेलं की किती लाइन जाते हे मैदानावर एकदा मोजून ठेवलं, तर साध्या रिळावरही ‘सात खेपा’ असं सोडता येतं. रॉडला अडकवायचे सुटे काउंटरही येतात. त्यांत लाइन एका चाकावरून फिरते, ओली बारीक ब्रेडेड त्यावर घसरते आणि आकडा कमी येतो. आमच्या मते पैसे वाचवायचे असतील तर रंगीत लाइन घ्यावी, तो सुटा काउंटर घेऊ नये.

मोठा मासा लागला तर तो ठेवायचा की सोडायचा हेही आधी ठरवून जावं. चोणक लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मीटरभर लांबीचा मासा जवळजवळ हमखास अंडी देणारी मादी असतो. गोड्या पाण्यात वाढलेली ती मादी अंडी घालायला खाऱ्या पाण्यात उतरते. तिला सोडून दिलं तर नदीला तिचा उपयोग आहे. वहीतला आकडा तर आपल्याकडे राहतोच.

उरली देखभाल. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवर वापरलेलं रील घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवा. ड्रॅग घट्ट नसेल तर पाणी त्याच्या चकत्यांत शिरतं. नळाची जोराची धार काउंटरच्या खिडकीवर मारू नका, ती मीठ बाहेर काढत नाही, आत ढकलते. पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करा. लेव्हल-वाइंडच्या आट्यावर पातळ तेलाचे दोन थेंब, त्याआधी जुना चिकट थर ब्रशने काढलेला. त्या आट्यात फिरणारी छोटी कडी सगळ्यांत आधी झिजते, ती झिजली की कडं एका टोकाला अडकून लाइनचा ढीग होतो. रील घेतानाच तिची एक जादा प्रत मागवून ठेवावी, आणि जिचे सुटे भाग मिळत नाहीत ती बनावट घेऊच नये. खिडकी साफ करायला थिनर, पेट्रोल, मच्छरांचा फवारा यांतलं काही वापरू नका, प्लास्टिक धुरकट होतं आणि तडकतं, ओलं सुती फडकं पुरे. जूनमध्ये नदी गढूळ होऊन रिळं कपाटात जातात तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, कापडी पिशवीत ठेवा, आणि महिन्यातून एकदा स्पूल हाताने फिरवून सगळे अंक एकदा पुढे जाऊ द्या, म्हणजे चकत्या जागच्या जागी चिकटत नाहीत.